काहिलीतली सारजावैनी

माज्या सारजावैनीचं कुंकू बघायला पायजे व्हतं तुमी. बंद्या रुपयाएवढं, मेन लावून कोरलेलं. दिसभर वांग्याच्या वाफ्यात खुरपत आसली तरी घामानं वघळायचं न्हाय. इंदापूरच्या बाजारात माळवं घिऊन बसली की गिऱ्हाईक आधी तिच्या कपाळाकडं बघायचं, मंग वांग्याकडं. आन कुनी भाव पाडून मागितला की झालं! "वांगी न्यायला आलाय का माजं त्वांड बघायला? बघून झालं आसंल तर चालू लागा." आसली फटकळ. पन आतनं मऊ. मी कन्हेरीच्या सासरास्नं माहेरी गेले की माज्या पायांना त्याल चोळायची आन चोळता चोळता म्हनायची, "वन्सं, ह्या टाचा हायत्या का नांगरलेलं रान?"

आन ज्याच्या नावाचं ते कुंकू, त्यो माजा मधला भाऊ गेणू. त्याचा बारा वर्सं पत्त्या नव्हता.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्साची गोष्ट. आमचं गाव नीरेच्या काठाला. श्रावणात नदी दुथडी चाललेली. पलीकडच्या वस्तीवर गाय वेताला आडली म्हून तिकडनं हाळी आली. गेणूदादाचा हात त्या कामात लई चांगला. कुनी नगं नगं म्हनत असताना त्यानं काहील पान्यात लोटली. काहील म्हंजे गूळ शिजवायची थोरली लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद आसलं की आमच्या काठाला तीच नाव. पलीकडं त्यो पोचलाच न्हाय. दुसऱ्या दिशी काहील खालच्या अंगाला बाभळीत आडकलेली घावली. आत पान्याचा थेंब न्हाय. मधोमध त्याचा पटका, नीट घडी घालून ठिवलेला.

आता तुमीच सांगा, बुडनारा मानूस पटक्याची घडी घालतो व्हय? आमचा बाप, आबा, त्यो पटका मांडीवर घिऊन दिसभर बसला. रडला बी न्हाय. सारजावैनी मातर उठली, चूल पेटवली आन म्हनली, "मानूस गावला न्हाय, तवर मी सवाशीन. माज्या बांगड्यांस्नी कुनी हात लावायचा न्हाय."

तवापास्नं ती रोज भर दुपारी नदीतल्या डोहाच्या काठाला जाऊ लागली. सूर्य डोक्यावर आला की हातातलं खुरपं टाकून चालली. म्या एकदा चिडून इचारलं, "काय ठिवलंय गं तितं?"

"हाक येती."

"कुनाची?"

"त्यांचीच. दोनदा येती. 'सारजे', मंग जरा थांबून पुन्यांदा 'सारजे'. तिसऱ्यांदा येत न्हाय."

आमच्याकडं बारक्या पोरालाबी ठावं आसतंय, पान्याकडनं हाक आली तर तिसऱ्या हाकंपत्तुर 'ओ' द्यायची न्हाय. जे मानूस न्हाय ते दोनदाच बोलावतं. तिसऱ्यांदा हाक मारतो त्यो जिता मानूस. म्हून तर काहिलीत बसल्यावर आमी एकमेकांचं नावबी घेत न्हाय. त्या डोहात साती आसरा, पान्यातल्या सात बाया, हायत्या म्हनत्यात, नाव आयकलं की ध्यानात ठिवत्यात. सारजावैनी बारा वर्सं त्या तिसऱ्या हाकंची वाट बघत व्हती. येडी म्हना, न्हायतर काय बी म्हना. मी लई भांडले तिच्याशी. तिचं आपलं एकच, "येईल, वन्सं. आजून दम धरा."

मंग आली ती दिवाळी. थोरला भाऊ सावळाराम, त्याला आमी आप्पा म्हनतो, माळेगावच्या कारखान्यात लागला व्हता. त्याला पाडवा, भाऊबीज आन आइतवार अशी जोडून सुट्टी मिळाली. मीबी यष्टीनं आले. घर कसं भरून गेलं! आमच्याकडं दिवाळीत एक गंमत आसायची. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधी काहील नदीवर न्यायची, राखंनं नि वाळूनं घासून लख्ख करायची, आन मंग घरातल्या समद्यांनी तिच्यात बसून पान्यात फेरी मारायची. काहिलीला ना म्होरं ना मागं. फळीनं पानी मारलं की ती गरागरा फिरायची. पोरं किंचाळायची, बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

पन त्या वर्सी हसू कुनाच्या तोंडावर नव्हतं. आप्पाची पोरगी फुला, तिचं लगीन ठरलं व्हतं. तिकडची मानसं म्हनली, घरातल्या गेलेल्या मानसाची क्रिया झाली न्हाय, आमी पोरगी करायची कशी? बारा वर्सं तर झाली. पळसाच्या पानांचा मानूस करून त्याला अग्नी द्या. पाडव्याच्या सकाळी आप्पानं घरात इषय काढला. सारजावैनी दाराआड उभी, पदर पुढं ओढून.

"भाऊबीज झाली की दुसऱ्या दिशी करून टाकू," आप्पा म्हनला. "पोरीचं वय निघून चाललंय."

थोरल्या दिराशी ती तोंड वर करून बोलायची न्हाय. माज्याकडं बघून म्हनली, "वन्सं, भावजींस्नी सांगा. उद्या दुपारी मला काहिलीतनं डोहात न्या. काठावरनं लई वाट बघितली, आता मधी जाऊन बघती. तिसरी हाक आली तर ह्ये कुंकू ऱ्हाईल. न्हाय आली तर मी सोता पळसाची पानं आनून दीन."

आप्पा कावला. "ह्यो काय येडेपना?" पन आबा उठला आन बोलला, "जाऊ दे तिला. माजा ल्योक हाय त्यो. मलाबी कळू दे."

भाऊबीजंच्या दुपारी आमी दोघी काहिलीत बसलो. मी आपनहून गेले, माजाबी भाऊ हाय म्हनलं. आप्पानं कासऱ्याला कासरा जोडून काहिलीच्या कडीला बांधला आन दुसरं टोक हातात धरून काठावर उभा ऱ्हायला. त्याच्या बाजूला आबा आन फुला. सारजावैनी फळी मारीत व्हती. हिरवा चुडा उन्हात नुसता झळकत व्हता. नवं लुगडं नेसली व्हती. नवऱ्याला आनायला निघाल्यावानी तिचं त्वांड फुललं व्हतं.

डोहाच्या मधी आलो आन काहील थांबली.

फिरायची थांबली, आसं म्हनती मी. वाहत्या पान्यात काहील गप उभी ऱ्हात न्हाय, कंदीच न्हाय, जन्मात बघितलं न्हाय म्या. वैनीनं फळी मारली तरी हलंना. पाखरं गप झाली. उन्हानं तापलेलं लोखंड मघापास्नं माज्या पायाला चटकं देत व्हतं, ते एकाएकी आसं गार पडलं की म्या पाय वर घेतलं.

"सारजे."

आयकलं म्या. ह्या कानांनी आयकलं. आमच्या गेणूदादाचाच आवाज, जरा घोगरा, शेवटाला लांबवनारा. पान्याच्या वरनं न्हाय, खालनं आल्यावानी. माजी दातखीळच बसली. वैनीनं माज्याकडं बघितलं. तिचं डोळं भरलं व्हतं, आन हसत व्हती. बारा वर्सांत पयल्यांदा कुनीतरी तिच्याबरूबर आयकत व्हतं.

"सारजे."

दुसरी झाली. वैनीनं दोनी हात जोडलं. काठावर आप्पा उभा दिसत व्हता, कासरा ढिला, काय झालंच न्हाय आसा. वैनीचं व्हट हलत व्हतं. 'ओ' तिच्या जिभंवर आलीच व्हती.

"छबडे."

अगं आई गं! मला 'छबडे' एक त्योच म्हनायचा. सासरी मी छबूबाई, घरात छबू. छबडी मी फकस्त गेणूदादाची. भाऊबीजंचा दिस, आन भाऊ हाक मारतोय. माजं भ्या कुठल्या कुठं पळालं. इतकी माया दाटून आली की मी काहिलीच्या काठावर वाकले. हिरव्या पान्यात खाली कायतरी वर बघत व्हतं. मी 'ओ' द्यायला त्वांड उघाडलं.

वैनीच्या हातानं माजं त्वांड दाबलं. आसं दाबलं की व्हट दातात घुसला, रक्त आलं. दुसऱ्या हातानं तिनं माजी येनी धरून मला मागं वढलं आन छातीशी आवळलं.

"हिला न्हाय," ती पान्याला म्हनली. मला न्हाय, पान्याला. "मला बोलावलं आसतं तर मी आले आसते. हसत आले आसते. पन माजा मालक आपल्या बहिनीला डोहात बोलावनार न्हाय. तू त्यो न्हवंस. त्याचा आवाज घेतलास, त्याचं लाडाचं बोलनं घेतलंस, आन बारा वर्सं मला खेळवलंस. त्यो मेला. आता कळलं मला, त्यो मेला."

आन तिनं हात उचलून काहिलीच्या काठावर आपटला. पुन्यांदा आपटला. हिरव्या काचा पान्यात पडल्या. मंग दुसरा हात. मनगटास्नं रक्त गळत व्हतं. तिनं वंजळभर पानी घेतलं आन कपाळ पुसलं, खसाखसा, कातडं निघंपत्तुर. "घे. ह्येच पायजे व्हतं ना? आता सोड हिला."

काहील हळूच फिराया लागली.

आप्पानं कासरा वढून काठाला घेतलं. त्यांनी कुनी हाक आयकली नव्हती, नुसत्या बांगड्या फुटल्याल्या आयकल्या. आप्पाला पायजे ते झालं व्हतं, पन वैनीचं कपाळ बघून त्यो गुडघं टेकून बसला आन पोरावानी रडला. आबानं तिच्या डोक्यावर हात ठिवला. फुला म्हनली, "काकी, मला लगीनच नगं." वैनी तिच्यावर खेकसली, "गप बस! लई शानी झालीस." दुसऱ्या दिशी पळसाची पानं तिनं सोता आनली.

फुलाचं लगीन झालं. वरीस गेलं. दिवाळी आली आन मला न्यायला माहेरास्नं कुनी आलं न्हाय. माजं डोस्कंच फिरलं. म्हनलं, भाऊ इसरला, भावजय इसरली, आता काय कुनाची गरज! आन भाऊबीजंच्या दिशी बघती तर कन्हेरीच्या फाट्यास्नं सारजावैनी डोक्यावर पाटी घिऊन चालत येती. पाटीत करंज्या, लाडू, माज्यासाठी चोळीचा खन. पांढरं कपाळ. आजून त्या कपाळाकडं बघायची मला सवय झाली नव्हती.

मी भांडायला तोंड उघाडलं तर म्हनली, "आधी पानी द्या, मंग भांडा."

पानी पिऊन झाल्यावर म्या हळूच इचारलं, "हाक येती का गं आजून?"

"येती."

"तुजी?"

तिनं न्हाय म्हून मान हलवली. माजे पाय मांडीवर घेतले आन त्याल चोळाया लागली.

"तुमची येती," ती म्हनली. "रोज. म्हून मी रोज जाती आन काठावरनं सांगून येती, छबडी हितं न्हाय, सासरी गेलीया. आजवर पटतंय त्याला. म्हून तुमास्नी न्यायला धाडलं न्हाय कुनाला. ह्याच्या फुडं दिवाळी घिऊन मीच येत जाईन, वन्सं. तुमी सासरीच ऱ्हावा."