अकराव्या मुलाखतीतलं पाणी

कृपादान मास्तरांची लिडिया भिंगारात दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. एक, तिचा मराठी टाइपरायटर. छावणीतल्या कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून मास्तरांनी तो तिच्यासाठी आणला होता, आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी येईपर्यंत तीनदा थांबून दोऱ्या तपासल्या होत्या. दुसरी गोष्ट तिची खोड. ही मुलगी कुठूनही निघाली की एकदा माघारी यायचीच. कधी रुमाल राहिला, कधी छत्री, कधी नुसतंच दारात येऊन इकडेतिकडे बघायची. "लिडिया एकदा निघाली की दोनदा जाते," असं तिची मैत्रीण मनकर्णा म्हणायची.

मनकर्णा ही देवळाली प्रवऱ्याच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिसरी चांगुणा, हिचा आवाज असा की वर्गात बोलली तर मैदानात ऐकू जावं. तिघी एम.ए. होऊन पीएच.डी.ला नाव नोंदवून बसलेल्या, आणि तिघींनी मिळून 'साक्ष' नावाची संशोधन पत्रिका काढलेली. विषय काय, तर बायका. बायकांचं काम, बायकांची वतनं, बायकांची लग्नं आणि मोडलेली लग्नं. एका मार्गदर्शक सरांनी पहिला अंक दोन बोटांत धरून म्हटलं होतं, "बायकांनी बायकांवर लिहायचं आणि बायकांनीच वाचायचं! मग विद्यापीठ कशाला हवं? पाणवठा आहे की!" चांगुणाने ते वाक्य सरांच्या नावासकट पुढच्या अंकात छापायचं ठरवलं होतं. बाकीच्या दोघींनी हातापाया पडून तिला आवरलं.

पत्रिका छापत म्हणजे सायक्लोस्टाईल करत. मनकर्णा गावोगाव फिरून मुलाखती आणायची, लिडिया स्टेन्सिल टाइप करायची, चांगुणा यंत्राचा दांडा फिरवायची. शाईने तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. पण नियमांच्या बाबतीत तिघी मोठ्या कडक होत्या, बरं का. मुलाखत देणारीचं नाव फक्त मनकर्णाच्या ट्रंकेत कुलपात राहायचं, टाइप करणारीच्या हाती नुसता आकडा यायचा. एकच प्रत काढून आधी सांगणारीला वाचून दाखवायची, तिने मान डोलावली तरच दोनशे प्रती काढायच्या. आणि कुणी तिचा शब्द कापला, तर कापणारीने स्वतः जाऊन तिला का ते सांगायचं. हा शेवटचा नियम लिडियाने सुचवला होता.

त्र्याहत्तर सालचा मार्च होता. दुष्काळ सरला नव्हता, रस्त्यांवर बायका खडी फोडत होत्या, वस्त्यांवर टँकर आला की हंडे आपटत होते. चौथा अंक टाकलेल्या बायकांवर होता. आपल्याकडे हा शब्द किती सहज वापरतात बघा, जुनी चप्पल टाकावी तशी बाई टाकतात, आणि लोक विचारतात तिलाच, की तू काय केलंस? लिडियाने दहा मुलाखती टाइप केल्या होत्या. शनिवारी दुपारी तिने अकरावी लावली.

नवऱ्याचं नाव विचारल्यावर बाईने घेतलं नाही, असं मनकर्णाने सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे बाईचे शब्द जसेच्या तसे होते.

"ट्रेनिंगला नगरला जातो म्हनला. भायेर पडला की दारातनं एकदा माघारी यायची त्याची खोड. यायचा, उभ्या उभ्या घोटभर पानी प्यायचा, ऱ्हायलेलं उंबऱ्याभायेर दगडावर ओतायचा आन म्हनायचा, गेलो आन आलो समज. त्या दिशी बी तसंच केलं. मंग मी तांब्या परत भरून दारात ठिवला. अठ्ठावीस वर्सं झाली, रोज भरती. औंदा टँकरचं पानी हाय, बाया भांडत्यात, मला येडी म्हनत्यात. पन तो माघारी आला तर? तांब्या दारात आसताना दार लावू कसं?"

लिडियाची बोटं थांबली.

तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग उठून स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्यावरच्या पेल्याकडे बघत उभी राहिली. तो पेला रोज सकाळी ती भरून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी आई वारली, तोवर आई ठेवायची. पप्पा शाळेला निघायचे, फाटकापर्यंत जायचे, माघारी यायचे, उभ्यानेच एक घोट घ्यायचे, उरलेलं पायरीच्या दगडावर ओतायचे आणि म्हणायचे, "गेलो आणि आलो समज, बाळ." लहानपणी तिने एकदा आईला विचारलं होतं, पप्पा रोज परत का येतात? "त्यांनाच विचार," आई म्हणाली, आणि दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. लिडियाला वाटलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं.

ती परत टाइपरायटरपाशी आली. पाण्याचा तेवढा परिच्छेद सोडला आणि पुढचं टाइप करून टाकलं. स्वल्पविरामसुद्धा न गाळणारी मुलगी ती! अक्षर एकही चुकलं नाही.

पुढचे आठ दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सकाळी फाटक वाजलं की ती कान देऊन ऐकायची. पावलं माघारी यायची. पप्पा आत यायचे, पण तिला वाटायचं, त्यांच्या मागोमाग आणखी कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय आणि पेल्याकडे बघतंय. एकदा तिने मुद्दाम पेला भरला नाही. पप्पांनी रिकामा पेला उचलला, आत बघितलं, आणि इतके गोंधळून गेले की तिलाच कळवळून आलं. तिने धावत पाणी आणून दिलं. याच माणसाने ती तापाने फणफणली असताना तीन रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या होत्या. याच माणसाने, मुलीला इतकं शिकवून काय करणार असं विचारणाऱ्या नातेवाइकांना चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं होतं. त्यांच्यावर तिचा जीव होता, आणि आता त्यांच्याकडे बघताना तिला भीती वाटत होती.

दगडावर ओतलेलं पाणी उन्हात वाळून जायचं. पण लिडियाला तो दगड दुपारीही ओला दिसायचा. दोनदा तिने वाकून हात लावून बघितला. कोरडा होता.

नवव्या दिवशी मनकर्णा आली ती तडक आत, चप्पल न काढता.

"अगं, अकरा नंबरच्या मावशीला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं आणि म्हणते, माझं पानी कुटं गेलं?"

लिडिया म्हणाली, "मला ते अनावश्यक वाटलं. संशोधनाच्या दृष्टीने."

"तुला?" मनकर्णा तिच्याकडे बघत राहिली. "लिडे, अख्ख्या मुलाखतीत ती बाई तेवढंच बोलली आहे. बाकी सगळं मी विचारलं म्हणून."

मनकर्णाने जास्त खोदलं नाही, तो तिचा मोठेपणा. तिने फक्त नियम छापलेलं पत्रिकेचं पहिलं पान उघडून समोर ठेवलं. कापणारीने स्वतः जाऊन सांगायचं. नियम लिडियाचाच होता, आता कुणाला दोष देणार?

"नाव हन्ना," मनकर्णा म्हणाली. "देवळालीच्या अलीकडे वस्ती आहे. कुणालाही विचार, दारात तांब्या असलेलं घर म्हण."

एस.टी.त बसून लिडियाने शंभरदा ठरवलं, सांगायचं की टाइप करताना चुकून राहिलं, माफी मागायची आणि निघायचं. परिच्छेद परत घातला तरी बिघडतं काय? नाव कुठेच नाही. आणि दारातून माघारी येणारे पुरुष जगात काय एकच आहेत? हे तिने स्वतःला इतक्यांदा विचारलं की राहुरी कधी मागे पडली ते कळलं नाही.

घर लांबूनच ओळखू आलं. दार सताड उघडं, आणि उंबऱ्याच्या आत पितळी तांब्या, घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला. हन्ना खडीच्या कामावरून नुकतीच आलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पन्नाशीला टेकलेली, सडपातळ, डोळे फार शांत. त्या डोळ्यांची लिडियाला धास्ती वाटली.

"मावशी, मी टाइप करणारी. तुमचं पाण्याचं मी कापलं होतं. चूक झाली. परत घालते, आता वाचून दाखवते."

हन्ना भिंतीला टेकून बसली. लिडियाने वाचलं. "गेलो आन आलो समज" आल्यावर तिने कागद तोंडासमोर धरला आणि शेवटपर्यंत नेलं.

"बराबर हाय," हन्ना म्हणाली. "का गं कापलं हुतंस?"

"लांबलं होतं म्हणून."

"व्हय, लांबलं तर खरंच." हन्ना जरा हसली. "छाप आता. त्याचं नाव नगं, माझं बी नगं. पन पान्याचं ऱ्हाऊ दे."

एवढंच. सुटले, असं लिडियाला वाटलं. तिने कागद पिशवीत घातले, नमस्कार केला आणि बाहेर पडली. ऊन मी म्हणत होतं. अंगण ओलांडून ती बाभळीपर्यंत गेली, आणि घसा कोरडा पडला म्हणून माघारी वळली. काही विचार केला नाही, पाय आपोआप वळले. दारात येऊन तिने तांब्या उचलला, उभ्या उभ्या एक घोट घेतला, आणि उरलेलं पाणी उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ओतलं.

पाणी दगडावरून मातीत गेलं तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. पाण्यासाठी डोकी फुटत होती त्या दिवसांत, आणि ही पोरगी दुसऱ्याच्या दारातला भरला तांब्या ओतून मोकळी झाली होती.

हन्ना उठून उभी राहिली होती. ती लिडियाच्या हाताकडे बघत होती. मग तोंडाकडे, कपाळाकडे, कानांकडे, एकेक करून बघत गेली.

"हाय का?" तिने विचारलं.

लिडियाला खोटं बोलता आलं नाही. "आहेत."

"बरा हाय?"

"बरे आहेत. भिंगारला. शाळेत मास्तर."

"मास्तर झाला तर." हन्नाने बोटाची सुटलेली चिंधी परत गुंडाळली. "आन तुझी आई?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"तिला ठावं हुतं?"

"माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही." लिडिया रडायला लागली. हन्नाने तिला जवळ घेतलं नाही, की हाकललंही नाही. तिने रिकामा तांब्या तिच्या हातून घेतला, पदराने पुसला आणि परत तिच्याच हातात दिला.

"ने. आलीस माघारी, त्याच्या वतीनं म्हन. आता माझ्याच्यानं भरवत न्हाई. आज दार लावून निजन म्हन्ते."

एस.टी.त लिडियाने तांब्या उलटा करून बघितला. बुडावर टिंबाटिंबांनी कोरलेली, झिजलेली अक्षरं होती: हन्ना कृपादान. उरलीसुरली शंकाही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा निघाले. फाटक वाजलं, पावलं माघारी आली. पेल्याच्या जागी तांब्या होता. सवयीने त्यांनी तो उचलला, घोट घेतला, पायरीवर जाऊन ओतला. ओतताना बूड वर आलं. बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले.

"कुठं मिळाला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दारात होता, पप्पा. भरलेला."

त्या दिवशी कृपादान मास्तर शाळेत गेले नाहीत. लिडियाने स्टेन्सिल लावली आणि अकरावी मुलाखत पहिल्यापासून टाइप केली. बाजूच्या खोलीत ते खुर्चीत बसून होते. पाण्याच्या परिच्छेदाशी आल्यावर तिने तो मोठ्याने म्हणत टाइप केला. त्यांनी थांब म्हटलं नाही.

सोमवारी भल्या सकाळी ते तांब्या पिशवीत घालून बाहेर पडले. लिडिया पेला भरून दारात उभी राहिली, पण फाटकापासून ते वळलेच नाहीत. ते परतले संध्याकाळी. पिशवीत तांब्या तसाच होता.

"भेटल्या?" तिने विचारलं.

"दार लावलेलं होतं," पप्पा म्हणाले. "वाजवलं मी. आतून तिने विचारलं, कोन हाय?"

"मग?"

"मला माझं नाव सांगता येईना, बाळ. बराच वेळ उभा राहिलो. मग आलो."

तिने त्यांना पाणी दिलं. ते बसून, सगळं प्यायले.