शेंद्र्याच्या कपाटाची किल्ली

क्रांती चौकात संध्याकाळी पाचची बंगळुरूची ट्रॅव्हल्स लागली होती. बॅग सरळ ठेव म्हणून पप्पा क्लीनरशी हुज्जत घालत होते, कारण आत आईनं दिलेला आमटीच्या येसर मसाल्याचा डबा होता आणि त्याच्या झाकणाचा काही भरवसा नव्हता. आई डोळे पुसत होती. माझी धाकटी बहीण पिंकी मात्र आता अख्खी खोली आपली, या खुशीत होती. मी सीटवर बसले तशी पप्पा खिडकीशी आले आणि एवढंच विचारलं, "कंपनीत चार्ज दिला ना नीट?"

"दिला, पप्पा."

साफ खोटं! नऊ वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

चार्ज म्हणजे आमच्या घरातला देव्हारा समजा. पप्पा वाळूजला एका कंपनीत प्रेस चालवायचे. शिफ्ट सुटली तरी पुढचा माणूस येऊन मशीनला हात लावेस्तोवर ते जागचे हलायचे नाहीत. आणि तो आला की त्याला सगळं तोंडी सांगणार: आज ही डावीकडून जरा कुरकुरतेय, तेल कमी पितेय, दुपारनंतर हिच्याशी जपून वाग. जसं काही लेक सासरी पाठवतायत! पुंडलिकनगरच्या आमच्या घरात त्यापायी भाकरी रोज गार व्हायची आणि आई रोज म्हणायची, "तुमच्या त्या मशीनलाच जेवू घाला म्हणावं."

आणि मी काय केलं? शहराबाहेर शेंद्र्याच्या एमआयडीसीत माझी पहिली नोकरी, क्वालिटीत. नोटीस एक महिन्याची. बंगळुरूवाले म्हणाले, मंगळवारी या. मैत्रिणींनी शहाणपण शिकवलं की नोटीस दिलीस की अडकवतात, गुपचूप सटक. खरं सांगायचं तर मला आमच्या शेख सरांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून त्यांनीच शिकवलेलं. "रीडिंग दो बार लेना बेटा, पहिल्यांदा माणूस घाईत असतो," हे त्यांचं रोजचं. शनिवारी त्यांना "येते सर" म्हणून निघाले आणि रविवारी ट्रॅव्हल्समध्ये बसून फोनचं सिमच बदललं. पराक्रमच म्हणायचा.

त्या पराक्रमात एक गोष्ट राहून गेली. मापं घ्यायची सगळी साधनं, म्हणजे गेजेस, ज्या कपाटात असायची, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये बंगळुरूला पोचली होती. आणि बुधवारी कंपनीत ऑडिट होतं.

मंगळवारी दुपारी शेख सर स्कूटरवरून थेट आमच्या दारात. हातात केळी आणि डाळिंबं. दोन दिवस मुलगी नाही, फोन लागत नाही, काय झालं? पप्पा फर्स्ट शिफ्टला होते. मी न सांगता पळाले हे आईला तेव्हाच कळलं, तिची ही तारांबळ! तिच्या तोंडून निघून गेलं, "ताप आलाय तिला, लई ताप." सर म्हणाले, मग बघूनच जातो. आईनं आत धावत जाऊन पिंकीला गोधडीखाली ढकललं. पिंकी काय नाटकी, अशी कण्हली म्हणता की सर दारातच थांबले. तिथूनच दुआ केली, फळं ठेवली, "आराम करू द्या तिला" म्हणाले आणि गेले.

पप्पा घरी आले, आईनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शेंद्र्याला गेले आणि सरांना खरं काय ते सांगितलं. तोवर ऑडिटरसमोर कटरनं कुलूप कापून झालं होतं. सर एवढंच म्हणाले, मुलगी ठीक आहे ना, मग झालं.

पप्पांचा फोन आला तो अजून जसाच्या तसा आठवतो. "पोरी, मशीन चालू अन् माणूस गायब, असं नसतंय. तो माणूस किल्लीसाठीच आला होता. आजारी पोरीला किल्ली काय मागायची, म्हणून मुकाट परत गेला." मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. सरांना फोन करायचं ठरवलं. उद्या करू म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली.

तशी बंगळुरूनं मला लई दिलं. सुरुवातीला भाजीवाल्याशी खुणांनी बोलायचे, नंतर कन्नडमध्ये भांडायला लागले. सकाळी फिल्टर कॉफी, दुपारी सांबार, रविवारी येसराची आमटी. किल्ली मात्र जुडग्यातून काढली नाही. घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, "ऊरिंदा," म्हणजे गावाकडची. त्यांना वाटलं घराची असेल.

यंदा शेंद्र्यातल्याच एका नव्या कंपनीची ऑफर आली. हुद्दा चांगला आणि घर अर्ध्या तासावर! पप्पा रिटायर झालेले, गुडघा धरून बसलेले, आई फोनवर "ये ना गं" न म्हणता फक्त मेथी स्वस्त झाल्याचं सांगणारी. मला जायचंच होतं. पण ते म्हणाले वीस दिवसांत या, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे. इकडे माझी नोटीस दोन महिन्यांची. शेजारच्या टेबलावरचा कार्तिक म्हणाला, "मेल टाक, लॅपटॉप कुरिअर कर, फोन बंद. कोण काय करतंय?" मी मेल लिहून तयारही ठेवला, बरं का. मग पप्पांना फोन लावला. खरं तर त्यांनी "ये निघून" म्हणावं, याच आशेनं.

"तुझ्या जागेवर पुढचा माणूस आलाय का?" पप्पा.

"नाही."

"मग?"

बस्स. फोन ठेवताना म्हणाले, "ती नोकरी गेली तर अशीच ये. भाकरीला कोण नाय म्हणतंय?"

मेल खोडला, रीतसर नोटीस दिली आणि शेंद्र्याला तसं कळवून टाकलं. तिथून उत्तर आलं, "बघतो मॅडम." ते अकरा दिवस बघतच होते! मी रोज फोनकडे बघायचे आणि स्वतःला शिव्या द्यायचे, की भोग आता तत्त्वं. बाराव्या दिवशी फोन: दीड महिना थांबतो, त्यापुढं एक दिवस नाही. इकडे साहेब म्हणाले, नवी मुलगी तयार करून दे, पंधरा दिवस आधी सोडतो.

हुबळीची दीपिका आली. तिला मी सगळं तोंडी सांगितलं. कोणता सप्लायर शुक्रवारी गडबडीचा माल पाठवतो, कोणतं मशीन दमट हवेत रुसतं, कोणत्या साहेबांना कॉफीआधी काही विचारायचं नाही. सांगता सांगता मला माझाच आवाज पप्पांसारखा ऐकू आला आणि हसू फुटलं. शेवटच्या दिवशी कपाटांच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या, सही घेतली. केक कापला, दीपिका रडली, कार्तिकसुद्धा.

गावी आल्यावर पहिल्याच रविवारी पप्पांना घेऊन रोशन गेटकडं शेख सरांच्या घरी गेले. सरांची दाढी पार पांढरी झालेली. मी केळी आणि डाळिंबं टीपॉयवर ठेवली आणि शेजारी ती किल्ली. सरांनी चष्मा लावला, किल्लीवरचा नंबर वाचला, एकदा, मग परत एकदा. आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "काय बेटा, ताप उतरला का?"

पप्पांना चहाचा असा ठसका लागला की भाभी, सरांच्या मिसेस, आतून पाणी घेऊन धावल्या. मी हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक.

बाहेर गेलेल्या माझ्यासारख्यांनो, आता घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी पुंडलिकनगरचा पत्ता सांगते. पण मनात येतं ते रोशन गेटजवळचं ते टीपॉय. जिथून तोंड चुकवून पळालो, तिथं नऊ वर्षांनी गेलं तरी आधी तब्येत विचारतात, ते आपलं गाव.

"उतरला, सर," मी म्हटलं. "आजच उतरला."