बाजेखाली शेगडी, सासू बाहेर

सुनेनं दीड महिन्याचं बाळ माझ्या ओटीत ठेवलं आणि म्हणाली, "आई, याले तुम्ही सांभाळा. मी आते ऱ्हासू नही." रडली नाही. पायात चपलाही घातल्या नाहीत. तशीच दाराकडे चालू लागली.

दारात शेकवाली माय उभी होती. आमच्या खोलीतून एवढा धूर का येतोय ते बघायला आली होती. तिनं सुनेला अडवलं नाही, फक्त तिचा हात धरला. "हात किती गार शे तुन्हा. चाल, शेक ले. मंग जा जठे जावानं तठे."

सून परत फिरली. का फिरली, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेकवाली माय आमच्याच गल्लीतली. नंदुरबारच्या दवाखान्यात आया म्हणून आयुष्य काढलं, नोकरी संपल्यावर बाळंतिणींना शेक द्यायला लागली. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, पण ही जरा वेगळी होती. बाजेखाली शेगडी सरकवायच्या आधी स्वतःचं मनगट निखाऱ्यांवर धरायची आणि एकवीसपर्यंत मोजायची. मनगट मागे घ्यावं लागलं तर निखारे कमी करायची.

त्या दिवशी तिनं आमच्या बाजेखाली वाकून पाहिलं. मनगट पाचालाच मागे आलं.

"तू तिले शेकी ऱ्हायनी का भाजी ऱ्हायनी?"

चूक माझीच होती. बाळंतपण झाल्यापासून सून बोलत नव्हती, जेवत नव्हती, बाळाकडे बघत नव्हती. मला वाटलं, अंगात गारठा शिरलाय. म्हणून मी दार-खिडकी लावून रोज निखारे वाढवत गेले. तिच्या पाठीवर फोड आला तरी ती काही म्हणाली नाही, आणि मी समजत होते की शेक लागू पडतोय.

मायनं अर्धे निखारे काढले, वर ओवा टाकला, खिडकी उघडली. मग माझ्याकडे बघितलं. "सासू बाहेर."

"माझ्या घरात मीच बाहेर?"

"पोऱ्याले लई धूर लागी ऱ्हायना. त्याले लिसन ओट्यावर बठ."

दुसऱ्या दिवशी ती सुनेला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बोलून आजार बरा करणाऱ्या एक मॅडम तिथे होत्या. मॅडम चांगल्या होत्या, पण खुर्चीवर समोरासमोर बसवून शुद्ध मराठीत विचारायच्या. सून अर्धा तास टेबलाकडे बघून आली. तेव्हा माय मॅडमना म्हणाली, काय विचारायचं ते मला शिकवा, मी बाजेवर विचारते. मॅडम हसल्या नाहीत. दर आठवड्याला सुनेला इकडे आणायचंच या अटीवर त्यांनी तीन प्रश्न शिकवले. घरी येईपर्यंत माय दोन विसरली. एक राहिला.

"आज काय जड वाटनं?"

रोज एवढंच. सून बाजेवर पालथी, खाली ऊब, आणि माय तिच्याकडे पाठ करून बसलेली, सुपानं वारा घालत. मी एकदा विचारलं, पाठ का करतेस? म्हणाली, "तोंड दिसनं का मानूस खोटं बोलस."

आठ दिवस आतून काहीच आवाज आला नाही. नवव्या दिवशी मी खिडकीखाली बाळाला घेऊन बसले होते. पथारीवर मिरच्या वाळत होत्या, अख्खी गल्ली शिंकत होती. सून हळू बोलली, पण मला ऐकू आलं.

"मन्ही पोरना कपडा देईसन आईस्नी डबा लिधा. तो डबा मी रोज घासस."

सुनेची पहिली मुलगी परी. दहा महिन्यांची होऊन तापानं गेली. महिन्याभरात मी तिचे झबले-टोपडे बोहारणीला दिले आणि साखरेसाठी स्टीलचा डबा घेतला. सुनेला विचारलं नाही. मला वाटलं, डोळ्यांसमोर कपडे नकोत. त्यानंतर घरात मुलीचं नाव कुणी घेतलं नाही, मी घेऊ दिलं नाही.

माय बाहेर आली. "ऐकं ना तू?"

"ऐकलं."

"मंग आते रडू नको, समजाडू नको. तिले इचार."

मी रडणारी नव्हतेच. पण विचारायला मला दोन दिवस लागले. सुनेपुढे डबा ठेवला आणि म्हटलं, "परीचे कपडे मी द्यायला नको होते. या डब्याचं काय करू?"

तिनं डबा मांडीवर घेतला. मग रडली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "साखर काढा त्यातली. तिन्हा भाऊना कपडा ठेवसू."

त्या रडण्यानं सगळं नीट झालं असं समजू नका. गोळ्या होळीनंतरही चालू होत्या. मध्ये मी त्या बंद करायला निघाले, आता हसते-बोलते तर कशाला म्हणून. मायनं गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं. "गोळी बी चालू, शेक बी चालू, बोलनं बी चालू. तुन्हं डोकं तेवढं बंद ठेव." डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच गोळ्या थांबल्या.

पुढच्या थंडीत मायची छाती भरली. तिच्या घरात शेक द्यायला कुणी नव्हतं. सून रोज दुपारी जायची, शेगडी पेटवायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायची. एकदा मी विचारलं, "माय काय बोलते गं?"

"तुम्हाले कसाले पाहिजे?" सून म्हणाली.

दहाव्या-बाराव्या दिवशी माय गेली. शेगडी आमच्याकडे आली. आता गल्लीतल्या बाळंतिणींकडे सून जाते. मनगट धरून एकवीसपर्यंत मोजते आणि म्हाताऱ्या बायकांना सांगते, सासू बाहेर. बायका माझ्याकडे तक्रार करतात, तुझी सून फार उद्धट आहे.

उद्धट आहे. बाळ माझ्या ओटीत टाकून निघालेली तीच ही, आणि ती जगली.