‘अहो’ गेलं, ‘भिया’ राहिलं

आमच्या घरात बोलताना शब्द अडला तर कुणी थांबत नसे. मराठी शब्द नाही सुचला तर हिंदी घालायचा, हिंदीही नाही सापडला तर माळवी, आणि वाक्य पुढे न्यायचं. आमचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर शिवणकामासाठी माळव्यात, धारला आले. दरबार गेला, शिवणयंत्रं आली, पण घरातली मराठी तशीच चालू राहिली, जागोजागी ठिगळं लावलेली. वडील अजूनही शाळांचे गणवेश शिवतात. घरातली पहिली पदवीधर मी. सगळं शिक्षण हिंदीतून झालं. हे जे लिहिते आहे ते आईमुळे. शाळेच्या बाराखडीत ‘ळ’ नव्हता, तो तिनं मला पाटीवर गिरवून घेतला होता.

आईचं माहेर देवासचं. मला देवासच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तिलाच जास्त आनंद झाला. मी सुट्टीत धारला गेले की ती मला कामं सांगायची. “बयो, ते आण बरं.” मी विचारायची, “काय ते?” “ते, कुलपाचं.” मग मी किल्ली आणून द्यायची. एकदा केरसुणीला ती “झाडायचं” म्हणाली, एकदा दुधाला “पांढरं”. वडील मशीनवरून म्हणायचे, “आता नुसती बोटं दाखवत जा. आपण समजून घेऊ.” आईही हसायची. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडे सगळेच असं बोलत. आणि श्रावणातल्या शुक्रवारी ती गल्लीतल्या बायकांना जिवतीची कहाणी सांगायला बसली की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. अशा बाईचे शब्द हरवताहेत असं कोण म्हणेल?

मग एका दुपारी वडिलांनी तिच्याकडे कात्री मागितली. तिनं ती हातात घेतली, तिच्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, “अहो, ही... ही घ्या.” एवढं बोलली आणि तिचा उजवा हात हलायला लागला. कात्री खाली पडली, मग तीही. वडिलांनी मला फोन केला तेव्हा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, “हाताला झटके येत होते, मी धरून ठेवला, थांबत नव्हते.”

इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, आत, गाठ निघाली. डॉक्टरांनी पडद्यावर आईचं डोकं दाखवलं आणि गाठीभोवती बोट फिरवलं. “ये हिस्सा बोलने का है.” मग विचारलं, बोलण्यात फरक कधीपासून पडला?

आम्हा तिघांनाही ते खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, वस्तूंची नावं विसरत होत्या का? वडील म्हणाले, “साब, हमारे यहाँ तो सब ऐसे ही बोलते हैं.” डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले की ज्या घरात एकच भाषा असते तिथे लोक लवकर येतात. तुमच्याकडे एका भाषेतलं भोक दुसरी भाषा बुजवत राहिली.

वडिलांच्या मनात वेगळाच प्रश्न होता. तो विचारायला त्यांना बराच वेळ लागला. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ते आईला मोपेडवर बसवून मांडूला घेऊन गेले होते. घाटात गाडी घसरली आणि आईच्या डोक्याला मार लागला. टाकेही पडले होते. ती खूण अजून केसांत होती. “उसी से हुआ क्या?” त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या पडण्याचा आणि या गाठीचा संबंध दिसत नाही, अशा गाठी का होतात हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. वडिलांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “चांगला माणूस आहे. मन राखायला बोलला.”

आईचे प्रश्न साधे होते. सगळे केस काढणार का. टाळू उघडी राहील का. भूल उतरल्यावर उलट्या होतील का. डॉक्टरांनी सांगितलं की केस थोडेच काढू, हाड परत बसवू. भूल मात्र मध्येच उतरवू, कारण तुम्ही त्या वेळी आमच्याशी बोलायचं आहे. मेंदूला स्वतःला दुखत नाही. आम्ही चित्रं दाखवू, तुम्ही नाव सांगायचं, आणि जिथे स्पर्श केल्यावर तुमचा शब्द अडेल तिथलं काही आम्ही कापणार नाही.

“जागी असताना?” आईनं मला मराठीत विचारलं.

“हो आई.”

“मग ह्यांना आत बसू देतील का?”

वडील म्हणाले, “मी आत येऊन काय करू? टाके घालू?” आई हसली.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण चित्रांचे पत्ते घेऊन आली. ऑपरेशनच्या आधी कुठले शब्द येतात हे बघून ठेवायचं होतं, म्हणजे नंतर कळावं की काय गेलं. पहिल्या पत्त्यावर कंगव्याचं चित्र होतं. आई म्हणाली, “फणी.” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. आई पुन्हा ठामपणे म्हणाली, “फणी.” त्यांना वाटलं, हिंदीतला फणी, म्हणजे साप सांगते आहे. त्या चूक धरणार, इतक्यात मी सांगितलं, आमच्याकडे हेच म्हणतात. त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, तुम्ही दोघं बाजूला बसा आणि प्रत्येक चित्राला त्या घरी काय म्हणतात ते मला सांगा.

हे काम सोपं वाटलं होतं. किल्लीचं चित्र आलं. मी म्हणाले, “किल्ली.” वडील म्हणाले, “नाही, चाबी म्हणते ती.”

“बाबा, आई किल्लीच म्हणते.”

“तुला म्हणत असेल. मला रोज दुकानाची चाबी देते, मला माहीत नाही का?”

पळीच्या चित्रावर पुन्हा तेच. खिडकीवर जमलं. झाडूवर पुन्हा वाद. मग आमच्या लक्षात आलं की ती माझ्याशी एक बोलते, वडिलांशी दुसरं, शेजारणींशी तिसरं. माहेरी गेली की आणखी जुनं काही बोलत असणार, ते ऐकलेली माणसं आता उरली नाहीत. तिच्याजवळ मुळात कोणते शब्द होते हे आम्हा दोघांनाही पुरतं माहीत नव्हतं. आई पलंगावर बसून आमचं भांडण ऐकत होती. किल्लीचा पत्ता पुढे करून तिलाच विचारलं, “आई, तू काय म्हणतेस?” तिनं चित्राकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिनं मूठ वळून कुलूप उघडल्यासारखी फिरवली.

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. त्यांनी सांगितलं की दोन भाषांच्या जागा मेंदूत थोड्या वेगळ्या असू शकतात. आम्ही दोन्ही तपासू, पण पेशंट जागा असला तरी लवकर थकतो. आधी कुठली बघू? जी पहिली ती जास्त नीट जपता येईल. खात्री दोन्हींची नाही.

मी आणि वडील एकदमच बोललो. “मराठी.”

आईनं हात वर केला. मी तिला कधी असा हात वर करताना पाहिलं नव्हतं. शाळेतल्या मुली करतात तसा. ती शोधत शोधत म्हणाली, “हिंदी.”

“आई, अगं...”

“घरात...” ती थांबली. “घरात तुम्ही समजता. न बोलता. बाहेर नाही समजत. दुखलं तर... नर्सला. बसमध्ये. सांगता आलं पाहिजे.”

वडील म्हणाले, “मी असेन ना सांगायला.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, “अहो, तुम्ही नसलात तर?”

डॉक्टरांनी तिचाच निर्णय मानला. मला त्या माणसाबद्दल आजही कृतज्ञता वाटते. त्यांनी आमच्याकडे न बघता तिच्याकडे बघून विचारलं होतं, “तो पहले हिंदी, माताजी?” आणि तिनं मान हलवल्यावरच ते पुढे गेले.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं की हिंदी चित्रं माताजींनी छान सांगितली, मराठी सुरू केली आणि त्या फार थकल्या. गाठ जेवढी सुरक्षितपणे काढता आली तेवढी काढली. थोडी ठेवावी लागली.

पहिले काही दिवस आई काहीच बोलली नाही. सूज आहे, वाट बघा, असं सांगण्यात आलं. मग एका सकाळी तिनं ग्लासाकडे पाहून म्हटलं, “पाणी.”

नर्स आनंदून म्हणाली, “देखो, हिंदी आ गई.” वडील लगेच म्हणाले, “हे मराठीत बोलली.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. माळव्यात हिंदी बोलणाराही ‘पाणी’च म्हणतो. वडिलांनी दिवसभर येईल त्याला ऐकवलं, “मराठीत बोलली. ‘ण’ स्पष्ट होता.” मला त्यांचं बोलणं मोडावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तिची उशी सारखी करत होते. आईनं डोळे उघडले, त्यांच्याकडे ओळखीनं पाहिलं, हलकं हसली, आणि म्हणाली, “भिया, जरा ऊपर कर दो.”

आमच्याकडे भिया, म्हणजे भाऊ, सगळ्यांनाच म्हणतात. रिक्षावाला भिया, भाजीवाला भिया, बसचा कंडक्टर भिया. आईनं आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ‘अहो’वर संसार केला. वडिलांचे हात उशीवरच थांबले. मग त्यांनी उशी वर केली आणि म्हणाले, “ठीक है, बेनजी?” माझ्याकडे वळून म्हणाले, “लग्नाला एवढी वर्षं झाली. आता राखी बांधून घ्यायची राहिली.” शेजारच्या पलंगावरचे लोकही हसले. वडील हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि लवकर परत आले नाहीत.

तिनं त्यांना ओळखलं नाही असं नव्हतं. ती त्यांच्याच हातून खायची, त्यांनाच शोधायची. फक्त हाक मारायचा तो शब्द तिच्याजवळ राहिला नव्हता. डॉक्टरांना आम्ही विचारलं, तो परत येईल का? काही शब्द येतात, ते म्हणाले, सवयीनं, हळूहळू. पण त्यांनी दुसरंही सांगितलं. गाठीची तपासणी आली होती आणि गाठ चांगल्या जातीची नव्हती. किरणांचे शेक द्यायचे, गोळ्या द्यायच्या, तरी ती पुन्हा वाढेल. केव्हा, ते सांगता येत नाही.

शेक चालू होते तोवर आईवडील माझ्याकडे देवासला राहिले. ते आईचं माहेरचं गाव होतं, देवीची टेकडी खिडकीतून दिसायची. मी शाळेतून आले की तिला चित्रं दाखवायची. हे काय? “केला.” आई, केळं. ळ. ती माझ्या ओठांकडे बघायची, जीभ वर नेण्याचा प्रयत्न करायची, आणि पुन्हा “केला”. मला ती “बेटा” म्हणायची. वडील तिच्यासमोर बसून स्वतःच म्हणायचे, “अहो. म्हण, अहो.” ती त्यांना समजावल्यासारखं म्हणायची, “हाँ भिया, समझ गई.”

हिंदीत मात्र तिला सगळं सांगता यायचं. कुठे दुखतं, मळमळतं का, गोळी घेतली की नाही. शेक देणाऱ्या मुलींशी ती गप्पा मारायची. तिनं जे निवडलं होतं ते तिला मिळालं होतं.

श्रावणात आम्ही धारला परतलो. शुक्रवारी गल्लीतल्या बायका सवयीनं आल्या, पण कहाणी आपणच वाचायची असं ठरवून. मी जिवतीचा कागद भिंतीला लावला, चणे-फुटाणे ठेवले. बायकांतल्या एकीनं पहिलं वाक्य म्हटलं आणि आईनं दुसरं म्हटलं. मग तिसरं. बाकीच्या थांबल्या. आई डोळे मिटून सांगत राहिली, जुन्या मराठीत, न अडखळता, प्रत्येक ‘ळ’ आपल्या जागी. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की पाठ असलेलं मेंदूत निराळ्या वाटेनं येतं, त्यावरून आशा धरू नका. ते मला आठवत होतं.

बाहेरच्या खोलीत वडिलांची मशीन चालू होती. कहाणीतल्या गरीब बाईनं एका ठिकाणी आपल्या नवऱ्याला हाक मारली. आई म्हणाली, “अहो, ऐकलंत का?”

मशीन थांबली.

“काय गं?” वडील आतल्या दाराशी येऊन म्हणाले. त्यांच्या हातात अर्धी शिवलेली बाही होती.

आईनं डोळे उघडले नाहीत. कहाणीतल्या नवऱ्यानं काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं आणि ती पुढे गेली. वडील दाराशी उभे राहिले. कहाणी संपल्यावर बायकांनी अक्षता वाहिल्या, आईनं डोळे उघडून वडिलांना पाहिलं आणि म्हणाली, “भिया, खड़े क्यों हो? बैठो.”

ते बसले. तिनं त्यांच्या हातावर फुटाणे ठेवले. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी कहाणी सुरू होण्याआधी वडील मशीन बंद करून ठेवायचे आणि दाराजवळ येऊन बसायचे. ती हाक आली की हळूच “ओ” द्यायचे, तिच्या कहाणीत खंड पडणार नाही इतक्या हळू. पुढच्या श्रावणापर्यंत आई राहिली नाही.