‘इवलीशी’ आधी कुणाची होती

मावशी शिवते ते कपडे बाहुलीचे वाटतात. पहिल्यांदा येणारी माणसं हसून विचारतात, "खेळणीपण ठेवता का?" मावशी शांतपणे सांगते, "नाही, माणसांचेच आहेत."

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांसाठी ती शिवते. झबलं दोन्ही बाजूंनी उघडं, कडेला नाड्या, म्हणजे अंगाला लावलेल्या नळ्या न काढता घालता येतं. शिवण बाहेरच्या अंगाला, कारण त्या कातडीला आतला दोरासुद्धा टोचतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिचं स्वतःचं मूल असंच घाईने आलं आणि घाईनेच गेलं. दुकानातून सगळ्यांत लहान सदरा आणला होता, त्यातही ते बुडून गेलं. "तोंड शोधावं लागत होतं गं," एवढंच ती मला एकदा म्हणाली. नंतर मूल झालं नाही. काका गेल्यावर तिने शिलाई मशीन पुढच्या खोलीत आणलं, रस्त्याकडचं दार उघडं ठेवलं आणि टोप्या, झबली, मोजे शिवायला बसली.

मी छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करते. लांबलांबचे आईबाप मावशीला फोन करून कपडे मागवायला लागले, तेव्हा मीच तिच्या मागे लागले की आता तुझीही वेबसाइट हवी. नाव तिनेच काढलं, ‘इवलीशी’. मी शोधलं तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, पण विकायला काढलेलं.

"मग घे की," मावशी म्हणाली. "जुनं म्हणून काय झालं?"

"आधी त्यावर काय चालायचं ते बघावं लागतं. त्या नावाने कुणी लोकांना गंडवलं असेल तर आपली साइट शोधून सापडत नाही, आपले मेल लोकांच्या कचऱ्यात जाऊन पडतात. करून जातो एक, निस्तरायचं दुसऱ्याने."

"खोली भाड्याने घ्यायच्या आधी शेजारीपाजारी चौकशी करतो, तसं."

"अगदी तसं."

इंटरनेटवर जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवणारी एक जागा आहे. तिथे नाव टाकलं की ते पूर्वी कसकसं दिसायचं ते बघता येतं. अलीकडच्या प्रती उघडल्या तर जुगार. पत्ते गरगरत होते, वरून नाणी पडत होती. मी तोंड वाकडं केलं. मग आणखी मागे गेले आणि चित्र एकदम बदललं. पांढरं पान, वर एका बाळाचा फोटो, खाली लिहिलेलं, ‘आमची इवलीशी’.

आईबापांनी आपल्या मुलीसाठी केलेली साइट होती ती. मुलगी सातव्या महिन्यात जन्मलेली. फोटो बाप काढायचा, लिहायची आई. आज थेंबभर दूध पचलं. आज नळी काढली, आज पुन्हा घातली. आज माझं बोट धरलं आणि सोडेचना. पुढे घर, पाळणा, पहिला दात. मग पुन्हा इस्पितळ. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, ‘आज ती गेली.’ आणि तळाशी एक फोन नंबर: ज्यांचं बाळ काचेत आहे त्यांनी कधीही फोन करावा.

मावशी मशीन थांबवून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. सगळं वाचून झाल्यावर तिने मला पुन्हा पहिल्या फोटोकडे जायला लावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. बाळाच्या डोक्यावर पिवळी टोपी होती, एका कानावर दुमडून टाचलेली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "नळीला जागा हवी म्हणून तेव्हा मी अशी दुमडायची."

मी म्हटलं, जुगाराचा डाग प्रयत्न केला तर निघेल, नाव घेता येईल. मावशीने मान हलवली. "त्यांना विचारल्याशिवाय नाही."

नंबर अजून चालू होता. फोन बापाने उचलला. कशाबद्दल ते ऐकल्यावर त्याने फक्त पत्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आला. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. हात ग्रीसने काळे म्हणून तो कशालाच शिवत नव्हता, मावशीने पुढे केलेल्या पाण्याच्या पेल्यालासुद्धा नाही.

"ती गेल्यानंतरही बायको रोज सकाळी चहाच्या आधी फोन उघडायची," तो सांगू लागला. "पहिल्या पानापासून वाचायची. हसायची, दात आला तिथे मलाही वाचून दाखवायची. मग शेवटचं पान यायचं. रोज, ताई. मला वाटायला लागलं, हिची पोरगी रोज सकाळी नव्याने मरतेय."

मावशीने हातातला पेला मशीनवर ठेवला.

"नाव ठेवायचं की सोडायचं, असा मेल दरवर्षी यायचा. पैसे भरले की नाव आपलं राहतं. एका वर्षी मी भरले नाहीत. वाटलं, पान कोरं होईल, ती चार दिवस रडेल, मग तिला झोप लागेल. दुसरं कुणी ते उचलेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. एका सकाळी तिने उघडलं आणि…" त्याने हवेतच बोटं गोल फिरवली. "पत्ते. आमच्या पोरीच्या नावाखाली."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"विसरलो म्हणालो. विसरलो म्हटलं की माणूस गाढव ठरतो. सोडून दिलं म्हटलं असतं तर बाप उरलो नसतो." तो उठला. "नाव तुम्ही घ्या. पत्त्यांपेक्षा टोप्या बऱ्या. फक्त तिला हे सांगू नका."

मावशी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

त्या मुलीची आई आता त्याच्यापासून वेगळी राहत होती, एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची; दुकानाचा पत्ता त्यानेच दिला होता. दुपारच्या सुट्टीत तिने आम्हांला मागच्या खोलीत नेलं, जिथे भिंतीवर मोठ्यापासून लहान होत जाणारी अक्षरं लावलेली असतात. मावशीने आपण कोण ते सांगितलं. टोपीचं ऐकून ती पटकन म्हणाली, "ती तिच्याबरोबरच दिली आम्ही. डोक्याला होत नव्हती, मुठीत ठेवली." मग स्वतःच पुढे बोलली, "लोकांना वाटतं, मुलगी गेली म्हणून आमचं मोडलं. नाही हो. ती गेल्यावर आम्ही एकमेकांना धरूनच होतो. मोडलं ते त्या विसरण्यावरून. घरातला बल्ब कधी बदलला ते ज्याला आठवतं, तो हे विसरतो?"

मला राहवलं नाही. "ताई, ती पानं आहेत अजून. प्रती राहिल्यात."

तिने माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. उभ्यानेच वाचू लागली. ओठ हलत होते, पुढची ओळ पडद्यावर यायच्या आत तिच्या तोंडात येत होती. दाताच्या पानावर ती हसली. शेवट जवळ आला तशी तिने फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे वळली. "शेवटचं नको. तेवढं नको दाखवू."

"त्याचंही तेवढंच म्हणणं होतं, पोरी," मावशी म्हणाली.

बाईने भिंतीवरच्या सगळ्यांत लहान अक्षरांवर बोट टेकवलं. बाहेरच्या खोलीत काच घासायच्या यंत्राची घरघर सुरू झाली, बंद पडली.

"म्हणजे विसरला नव्हता तो."

"नाही."

"विसरला असता तर बरं होतं, मावशी. विसरलेल्याला मी आज ना उद्या माफ केलं असतं." तिने डोळे पुसले, अॅप्रन सारखा केला. "नाव घ्या, नाहीतर घेऊ नका. मला विचारू नका." आणि ती कामावर गेली.

परतताना मावशी रस्ताभर एकच विचारत होती, "मी बोलायला नको होतं का गं?"

नाव आम्ही घेतलं नाही. पुढे ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणीतरी घेतलं. मावशीच्या साइटला मी कुणीच कधी न वापरलेलं नाव शोधलं, लांबलचक आणि थोडं ओबडधोबड. कपडे जातात तिचे, लांबलांबच्या गावांना जातात. पण ‘इवलीशी’ हा शब्द तिने त्यानंतर तोंडातून काढलेला मी ऐकला नाही.

काही महिन्यांनी लिफ्टवाला पुन्हा आला. दारातूनच म्हणाला, "सांगितलंत ना तिला?"

"सांगितलं."

"बरं केलंत." चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता. तो स्टुलावर बसला. "परवा फोन आला होता तिचा. काही बोलली नाही. मीही नाही. बराच वेळ दोघं नुसता फोन धरून होतो. मग ठेवला तिने."

"पुन्हा येईल," मावशी म्हणाली.

"माहीत नाही, ताई."

तेवढ्यात एक तरुण माणूस दारात आला. दाढी वाढलेली, हातात इस्पितळाची पिशवी. टोपी हवी होती, पण माप विचारल्यावर त्याला सांगता येईना. दोन्ही हात समोर धरून तो माप दाखवू बघत होता, कधी हात जवळ आणत होता, कधी लांब नेत होता.

लिफ्टवाला उठला. "इथे बसा," तो त्याला म्हणाला, "घाई नाही," आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.