गाडीची हळद

लग्नाच्या आधी दीड-दोन महिने आमच्या गाडीखाली हिरवट डाग पडायला लागला होता. आंबिवलीच्या आमच्या सोसायटीत पार्किंगला फरशी आहे, त्यामुळे तो उठून दिसायचा. आधी वॉचमनला दिसला, मग तळमजल्यावरच्या आजोबांना, आणि मग सगळ्या इमारतीला. जाता-येता कोणीतरी थांबवून सांगायचं, "काकू, गाडी गळतेय बरं का." जसं काही मला सोडून सगळ्यांनाच ते कळलं होतं.

मला माहीत होतं. कल्याणच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून रेडिएटरची जाळी मला दाखवलीही होती. तिच्यावर जागोजागी पांढरट खपल्या धरल्या होत्या आणि खालून कूलंट पाझरत होतं. "भरत राहाल तोवर चालेल," तो म्हणाला, "पण ताई, हा रेडिएटर आता झाला. बदलूनच टाका." मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. घरात कार्य निघालं की सगळ्याच गोष्टींना हे उत्तर असतं. माझी दाढ दुखत होती, तिलाही मी हेच सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. गाडी ह्यांची. हे म्हणजे माझा नवरा. जाऊन चार वर्षं झाली तरी तोंडात 'हे'च येतं. कोलशेतला एका कंपनीत होते. जुनी गाडी हौसेने घेतली आणि ती आणखी जुनी होईपर्यंत सांभाळली. मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना इतके ओरडले की एकदा मी गाडी मैदानात सोडून रिक्षाने घरी आले होते. ते गेल्यावर गाडीतलं एकेक बदलत गेलं. टायर बदलले, बॅटरी बदलली, सीटची कव्हरं फाटली म्हणून काढून टाकली. रेडिएटर तेवढा त्यांच्या हातचा राहिला होता, आणि त्याच्या आत हळद होती.

हळदीचं सांगायला हवं. मुलगा लहान असताना आम्ही जुन्नरकडे, ह्यांच्या गावी निघालो होतो. मुरबाडच्या पुढे गाडी तापली, बॉनेटमधून वाफ यायला लागली. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन गार होऊ दिलं आणि जवळच्या किराणा दुकानातून हळदीची पुडी आणली. जुने ड्रायव्हर हे करायचे. रेडिएटरला बारीक चीर गेली की हळद पाण्यात कालवून ओतायची. ती पाण्याबरोबर फिरते आणि चिरेत जाऊन बसते. आताचे मेकॅनिक ऐकून हसतात. मुलाने मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, गाडीला लागलंय?" हे म्हणाले, "लागलं नाही रे, हिचं लग्न ठरलंय. तुझ्या आधी हिचा नंबर." त्या हळदीवर आम्ही घाट चढून गेलो. गावात पोचल्यावर मुलाने पहिली बातमी हीच दिली, की आमच्या गाडीला हळद लागली.

त्यानंतर त्याचा नंबर यायला बरीच वर्षं गेली. तोवर विनोद करणारा माणूस राहिला नव्हता.

मुलाच्या हळदीच्या सकाळी मला कोणी काही बोललं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. आता तसं कोणी बोलत नाही. आमच्या घरचे सगळे शिकलेले, माझी धाकटी नणंद तर शाळेत शिकवायची. पण पाट मांडला, मुलगा पाटावर बसला आणि नणंदेने हाक दिली, "चला, पाच सवाष्णी या बघू पटापट." हाक मारताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्या बायका साड्या सावरत पुढे झाल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या तळायला घेतल्या. केटररचा माणूस म्हणाला, "मावशी, मी करतो ना." मी त्याच्या हातातून झारा काढून घेतला.

बाहेर गाणी चालली होती. फोटोवाला सारखा 'इकडे बघा' म्हणत होता. मुलाने दोनदा विचारलेलं मला ऐकू आलं, "आई कुठेय?" कोणीतरी म्हणालं, "आहे आत, कामात आहे." मी उठून गेले असते तर कोणी माझा हात धरला नसता. पण कोणी बोलावलंही नाही, आणि मीही हट्टी. बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणून तळत राहिले. कढईत पुऱ्या फुगत होत्या आणि कढईपाशी मी.

आता लिहिताना जरा हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. एकुलत्या एका मुलाला हळद लावायची राहिली, ती राहिलीच. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

हळद लागल्यावर मुलगा पिवळाधमक होऊन आत आला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर जाऊन त्याने जाहीर केलं, "उष्टी हळद बाबांच्या गाडीतून जाणार. आई चालवेल." नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे पोचवायची होती, आणि नवरी कोलशेतची. बाकीच्या बायकांसाठी मोठी गाडी सांगितलेली होती, त्या पुढे गेल्या. मुलाने गाडीच्या बॉनेटवर झेंडूची माळ बांधली. मागाहून आम्ही दोघी निघालो. स्टिअरिंगवर मी, आणि शेजारी मांडीवर हळदीचं ताट घेऊन नणंद. ती मुलाची आत्या, ताटाचा मान तिचा.

दुर्गाडीचा पूल उतरेपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. कोनगावात गाड्यांची रांग लागली. एप्रिलचं ऊन, मेट्रोच्या कामाचे पत्रे, आणि काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला.

"अगं वहिनी, घामाने सगळी पावडर जाईल माझी," नणंद म्हणाली.

मी काच खाली केली आणि हीटर लावला. गाडी तापली की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनची गरमी थोडी आत निघून येते, हे ह्यांचं शिकवणं. नणंदेने माझ्याकडे असं काही पाहिलं की त्या उकाड्यातही मला बरं वाटलं. ते समाधान फार टिकलं नाही. रांजणोलीहून हायवेला लागलो, आणि माणकोलीच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेतली. माळेतल्या झेंडूंमधून वाफ येत होती.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. म्हणून एका जाहिरातीच्या बोर्डाच्या सावलीत आम्ही बराच वेळ नुसत्या उभ्या राहिलो. मग मी झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूहळू फिरवलं आणि सोबतच्या बाटल्यांपैकी एकीतलं पाणी ओतलं. वाकून पाहिलं तर खालून थेंबामागे थेंब पडत होते. वरून घातलेलं सगळं खालून जात होतं.

नणंदेने पुढच्या गाडीला फोन लावला. त्या बायका कापूरबावडीच्या पुढे गेलेल्या. परत यायचं तर कुठून तरी वळसा घालून, आणि तिकडे नवरीला केव्हाची पाटावर बसवलेली. नणंदेने फोन ठेवला आणि पदर खोचला.

"असं करू. मी रिक्षा बघते आणि ताट घेऊन पुढे होते. तू मेकॅनिकला बोलव आणि ये मागून सावकाश."

तिचं काही चुकत नव्हतं. कोणीही हेच सुचवलं असतं. पण 'मी पुढे होते, तू ये मागून' हे ऐकलं आणि सकाळपासून गिळलेलं सगळं वर आलं. मुलाच्या हळदीला मी स्वयंपाकघरात, आणि सुनेच्या हळदीला हायवेवर.

"हळद दे," मी म्हटलं.

"काय?"

"ताटातली हळद दे. रेडिएटरमध्ये घालायचीय."

"वेडी झालीस का? उष्टी हळद आहे ती, वहिनी."

"माहितीये मला कुठली आहे. मुलगा माझाच आहे."

"अगं, दुसरी आणू ना कुठूनतरी. एखादं दुकान असेल इथे."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं होती. त्यांत हळद असलीच तर पोत्यांनी असणार, आणि शटर ओढलेली. तिलाही ते दिसत होतं.

"सकाळी मी पुऱ्या का तळत होते?" मी विचारलं. "केटरर होता ना आपल्याकडे?"

एक कंटेनर गेला, त्याच्या वाऱ्याने ताटावरचं लाल कापड उडालं, तिने ते हाताने दाबून धरलं.

"मला वाटलं, तू येशील," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू हाक मारशील."

आम्ही दोघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो. मग तिने स्वतःच कापड बाजूला केलं, ताटातला हळदीचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"सगळी नको घेऊस," ती म्हणाली. "चार बोटं ठेव. तिकडे त्यांच्या हळदीत मिसळता येईल."

आमच्याकडे हळद नुसत्या पाण्यात कालवतात, तेल वेगळं लावतात, म्हणून हे जमणार होतं. मी डब्यात हात घातला. हळदीचं मला काय अप्रूप, रोज डाळीत घालते. पण ही हळद हाताला गार लागली, आणि तिच्यात एक आखूड काळा केस होता. माझ्या मुलाच्या दाढीचा. तो मी बोटावर घेऊन पाहिला आणि मला रडू फुटलं. नणंद शेजारी डबा धरून उभी होती, तिने घाई केली नाही.

मग मी हळद दुसऱ्या बाटलीच्या तोंडातून आत ढकलली, हलवून हलवून पाणी पिवळं केलं आणि रेडिएटरमध्ये ओतलं. होतं नव्हतं तेवढं पाणी वरून घातलं, झाकण लावलं, गाडी सुरू केली. नणंद भरजरी साडीत रस्त्यावर उकिडवी बसून गाडीखाली बघत होती.

"थांबतंय गं," मग ती म्हणाली.

खारेगाव गेलं, खाडी ओलांडली. मी काट्याकडे बघत गाडी हाकत होते आणि तो जागचा हलत नव्हता. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते, स्टिअरिंगही पिवळं झालं होतं. नणंद डब्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही बोलणार. हळद नासवलीस म्हणणार. माझीही उत्तरं तयार होती, चांगली दोन-चार.

"वहिनी," माजिवड्याच्या सिग्नलला ती म्हणाली, "नवरदेवाला लावून उरते ती उष्टी. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग आधी त्याला लागली. नंतर ही दादाच्या गाडीला लागली. आता डब्यात जे उरलंय ते..." पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "ती दादाचीही उष्टी झाली."

माझी तयार उत्तरं तशीच राहिली. तिचा भाऊ गेला होता, हे या चार वर्षांत माझ्या फारसं ध्यानात आलं नव्हतं. माझा नवरा गेला, एवढंच मी धरून बसले होते. सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी कोलशेतच्या रस्त्याला घेतली.

ज्या रस्त्याने हे कामाला जायचे त्याच रस्त्याला आता उंच इमारती आहेत, त्यांतल्या एकीत नवरीचं घर. आम्ही पोचलो तेव्हा सगळ्या बायका ताटकळून बसल्या होत्या. नवरी पाटावर होती, कंटाळून मोबाईल बघत. तिची आई लगबगीने पुढे आली, ताट घेतलं आणि उरलेली हळद त्यांच्या हळदीत मिसळून वाटी नणंदेपुढे केली. "या आत्याबाई, मान तुमचा. आधी तुम्ही लावा."

नणंदेने वाटी घेतली आणि माझ्या हातात दिली.

"आधी तिची सासू लावेल," ती म्हणाली. शाळेत वर्गाला सांगत असायची तशा आवाजात.

एक म्हातारी काहीतरी म्हणायला तोंड उघडत होती, पण तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि ती गप्प बसली. मनगटापर्यंत हळदीत बुडालेल्या बाईला आता काय अडवणार? मी नवरीसमोर खाली बसले. वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या गालाला लावली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या हाताला गाडीचा वास येतोय."

"तुझ्या सासऱ्यांचा आहे तो," मी म्हटलं.

तिने त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. तिने मोबाईल खाली ठेवला, मान वळवली आणि दुसरा गाल माझ्याकडे केला.