मुआस्याची नजर

मारा नदीकाठच्या गवताळ रानात जनावरं बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी हाकता हाकता मुआस्याची एकोणतीस वर्षं गेली. कंबर गेली, गुडघे गेले, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यापासून डोळे जायला लागले, आणि ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. जवळचा रस्ता दिसायचा, लांबचं सगळं धुरकट. जनावर न दिसणारा चालक कोणती कंपनी ठेवून घेणार?

तो वायरलेसवर निभावत होता. एकाला जनावर दिसलं की त्याने सगळ्यांना कळवायचं, ही चालकांची रीत. पाहुण्यांना इथल्या बोलीतली जनावरांची नावं तेवढी कळतात, म्हणून ती फिरवलेली: सिंह म्हणजे मिशीवाले, बिबट्याची मादी म्हणजे ठिपकेवाली. पण नुसतं घेत राहणाऱ्याला कोण किती दिवस देणार? मुआस्याने सहा महिन्यांत एकही खबर दिली नव्हती, आणि बाकीची चालक पोरं टोमणे मारू लागली होती.

म्हणून आज सकाळी त्याने घाई केली. टेकाडावर पिवळट काहीतरी दिसलं तसं छातीठोकपणे कळवून टाकलं, "टेकाडावर मिशीवाले." पाच गाड्या धुरळा उडवत आल्या. ते वारूळ होतं. आत्ताच उठून गेले, अशी थाप त्याने मारली. पाचही गाड्या आल्या तशा माघारी वळल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन तास वायरलेस मुका होता. मागे इंग्रिडबाई हातभर लांब लेन्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बिबट्याच्या फोटोसाठी त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि उद्या त्यांचं विमान होतं. मुआस्या नुसताच गाडी फिरवत राहिला. या सोंगाचा त्याला अगदी वीट आला होता.

मग वायरलेस खरखरला. त्याच्याच हाताखाली शिकलेला सिरोंका बोलत होता, बाईंना न कळणाऱ्या आपल्या बोलीत, लहान मुलाला घास भरवावा तसा, हळूहळू.

"काका, पुढच्या मोठ्या झाडापाशी थांबा. डावीकडे, खालून दुसरी फांदी. ठिपकेवाली झोपलीय. तुम्हालाच दिसली म्हणून सांगा बाईंना."

मुआस्याने गाडी थांबवून बोट दाखवलं. मागे कॅमेरा धडाधड चालू लागला. तोही तिकडे बघत राहिला. त्याला धड फांदीसुद्धा दिसली नाही.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. त्याला रडू आलं.

"काय नजर आहे हो तुमची," बाई मागून म्हणाल्या.

वायरलेसवरचं कचेरीतही ऐकू जातं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने बटण दाबलं.

"सिरोंका, पोरा, मला दिसत नाही. सकाळचंही खोटं होतं. आता मी दमलो."

मग कचेरीतून मॅनेजरचा आवाज आला, "मुआस्या, गाडी घेऊन ये."

"येतो," तो म्हणाला. पण बाईंचे फोटो काढून होईपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.